मेख्टिल्डच्या कपाळावर

कॉफीची किटली हातात घेऊन नीलांबरी फ्राऊ वायगांडच्या खुर्चीमागे उभी होती, तेव्हा युर्गनने जाहीर केलं की चित्र संग्रहालयाच्या स्वाधीन करायच्या दिवशी नीला तिला पुन्हा एकदा कुंकू लावील. तिला म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या मेख्टिल्डला, आणि पुन्हा एकदा म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वी लावलं होतं तसं. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता. हे त्याने आधी जर्मनमध्ये सांगितलं आणि मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या दोन मराठी पोरांसाठी मराठीत, व्याकरण कुठेही चुकू न देता. नीलांबरीने कॉफी ओतली. एक थेंब बशीत पडला नाही. पडला असता तर कदाचित कुणी मान वळवून तिच्याकडे पाहिलं असतं, आणि बाईला हे आत्ताच कळतंय की काय अशी शंका निदान एखाद्याच्या डोक्यात येऊन गेली असती. पण औषधकंपनीच्या तपासणी-प्रयोगशाळेत सारं आयुष्य घालवलेल्या हातांना थरथरायची सवय राहिली नव्हती. तिथे माल यायचा, ती नमुना काढायची, तपासायची आणि पास की नापास ते लिहून सही करायची. मुदतीआधीच घेतलेल्या निवृत्तीनंतर औषधं सुटली, तपासणी सुटली नाही. आता माणसं यायची.

आज आलेला माल एकाच खेपेतला होता. फ्राऊ वायगांड ओडेनवाल्डच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या छोट्याशा संग्रहालयाच्या संचालिका. कुठल्याही देशाचं नाव निघालं की आपण तिथे जाऊन आलो आहोत किंवा जायचं फार मनात आहे, यातलं एक वाक्य त्या सांगत, आणि गळ्यातली अंबराची माळ अशी चाचपत की जणू ती त्या देशानेच त्यांना घातली होती. ध्रुव हा डार्मश्टाटच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा मुलगा. फुकट मिळालेल्या गोष्टीला नाही म्हणायचं नाही एवढं एकच व्रत त्याने पाळलं होतं आणि आलुबुखाराच्या केकचा तिसरा तुकडा खाऊन तो ते आत्ता पाळत होता. ईप्सिता त्याच युनिव्हर्सिटीत पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करत होती. तिच्या हातात छोटा डिजिटल कॅमेरा होता, आणि ज्या गोष्टीचा फोटो निघत नाही ती घडलेली आहे यावर तिचा फारसा विश्वास नसावा. आणि युर्गन, नीलांबरीचा नवरा, शाळेतून जर्मन साहित्याचा शिक्षक म्हणून निवृत्त झालेला. तो उभा राहून गोष्ट सांगायला लागला होता. हा माल तिने फार पूर्वी एकदा पास केला होता, आणि पास केलेला माल परत मागवायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात.

गोष्टीत कुठे थांबायचं हे युर्गनला आता श्वासासारखं माहीत झालं होतं. नवी नवरी थंडीतून घरात येते, इथे एक थांबा. भिंतीवरचं चित्र बघते. तिला वाटतं ही माझी, म्हणजे युर्गनची, मेलेली आई. ती चालत जाते, हिरव्या नऊवारीचा पदर खांद्यावरून घेते, पर्समधून लाल पावडर काढते, इथे दोन बोटं हवेत उचलायची, आणि एका कवितेतल्या बाईच्या कपाळाला लावते. कधी जन्मलीच नाही त्या बाईला. आणि खाली वाकून तिच्या पाया पडते. पाय, युर्गन म्हणायचा, चित्रात नाहीतच. इथे हशा. 'नाइन,' म्हणजे छे, असं फ्राऊ वायगांड म्हणाल्या आणि माळ धरली. 'हाऊ क्यूट,' ईप्सिता म्हणाली. नीलांबरी किटली घेऊन आत गेली. नऊवारी कधी नव्हती. टेरिलिनची पाचवारी होती, तिच्यावर तपकिरी स्वेटर आणि त्यावर युर्गनच्या मित्राच्या बायकोचा ओव्हरकोट, ज्याच्या बाह्या तिच्या बोटांच्या टोकापर्यंत येत होत्या. पहिल्या काही वर्षांत गोष्टीतली साडी हिरवी झाली, नंतर कधीतरी नऊवारी झाली. ओव्हरकोट तर गोष्टीने आधीच उतरवून टाकला होता. पुढच्या मजकुरात नथ येणार हे नीलांबरीला अंदाजाने माहीत होतं.

स्वयंपाकघरात ईप्सिता मागोमाग आली, रिकाम्या बशा घेऊन. 'काकू, सीरियसली, किती गोड स्टोरी आहे तुमची. मी ब्लॉगवर टाकू?'

'बशा डावीकडे ठेव. काटे वेगळे.'

'काका किती छान मराठी बोलतात ना. आमच्या हॉस्टेलमधल्या पोरांपेक्षा शुद्ध.'

'हो. चुकतच नाहीत.'

'आणि ते चित्र, काकू. खरंच तुमच्यासारखं आहे. म्हणजे मान.'

'होतं,' नीलांबरी म्हणाली.

ईप्सिता हसली. तिला वाटलं काकू विनोद करताहेत. त्या वयात सगळंच विनोद वाटतं, आणि पुढे काही जणांचं तसंच राहतं, नीलांबरीने मनात नोंद घेतली. तिने नळ सोडला. समोरच्या बाल्कनीत उन्हाळ्यातल्या फुटबॉलचा काळा-लाल-सोनेरी झेंडा अजून लटकत होता. तो काढायची कुणाला आठवण नव्हती, किंवा काढायला आता लाज वाटत होती. आत पुन्हा हशा झाला. पायांचा असावा.

चित्रात बाई होती असं म्हणणं हेच खरं तर जास्त होतं. राखी-निळ्या कागदावर काळा खडू, त्यावर पांढऱ्या खडूचे मोजके फटकारे: कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गळ्याच्या खोलगट जागी. बाकी सगळं कागदाने केलेलं. केस म्हणजे एकात एक गुंतलेल्या पाच-पन्नास काळ्या रेघा, मान म्हणजे रेघ न मारता सोडलेली जागा, डोळे खाली झुकलेले, कारण उघडे डोळे काढणं कठीण. डावा हात तर चित्रकाराला जमलाच नव्हता. मनगटापर्यंत आणून त्याने तो धुरात सोडून दिला होता. युर्गन त्याला अपूर्णतेचं सौंदर्य म्हणायचा. कंपनीत असला नमुना आला असता तर नीलांबरीने तो परत पाठवला असता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणा नाव न उरलेल्या माणसाने हे काढलं. ज्या पद्यकथेतली ती नायिका होती ती आज युर्गनखेरीज कुणी वाचत नव्हतं. मिठाच्या व्यापाऱ्याची मुलगी. लग्न ठरलेला मुलगा लढाईवर गेला, तो मेल्याची बातमी आली, मेख्टिल्ड नदीच्या बांधावर गेली आणि तिने पाण्यात उडी घेतली. तिसऱ्या दिवशी तो हातीपायी धड परत आला. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात युर्गनने ही कथा तिला रोज थोडी थोडी वाचून दाखवली होती, आणि शेवटाला पोचल्यावर त्याचा आवाज भरून आला होता. नीलांबरी शब्दकोश मांडीवर घेऊन बसली होती. तिला एवढंच वाटलं होतं की बाईला तीन दिवस दम धरवला नाही. बातमी कुणी आणली, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढंही विचारलं नाही. या देशात घराचा पत्ता बदलला तरी कचेरीत जाऊन शिक्का आणावा लागतो, आणि ही एका उडत्या बातमीवर जिवानिशी गेली. हे तिने तेव्हा बोलून दाखवलं नाही, कारण तेव्हा तिची जर्मन अशी होती की तुच्छता व्यक्त करायला पुरत नसे, फक्त ब्रेड विकत आणायला पुरत असे.

पुण्यात तो समोरच्या घरात पेइंग गेस्ट म्हणून राहत होता, भाषा शिकायला आलेला, आणि तिच्या वडिलांनी उदारपणे परवानगी दिली होती की संध्याकाळी तासभर त्याच्याशी मराठीत बोलत जा. तेव्हाही तो चुकत नसे. एके दिवशी त्याने वहीवरून मान वर केली आणि म्हणाला, जरा खिडकीकडे पाहा. तिने पाहिलं. खाली एक माणूस सायकलची चेन बसवत होता. तो अजून थोडं डावीकडे म्हणाला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही, आणि त्या न बोलण्यात चोविशीतल्या नीलांबरीने जे ऐकायचं ते सगळं ऐकून घेतलं. आता तिला कळत होतं की तो तिच्याकडे पाहतच नव्हता, ताळा करत होता. घरच्या भिंतीवरची एक रक्कम त्याच्या डोक्यात पक्की होती, आणि समोरची तिच्याशी जुळते का ते तो बघत होता. जुळली. आईने अबोला धरला तो त्याच आठवड्यात. आई ओरडली नाही, रडली नाही. नीलांबरी स्वयंपाकघरात आली की ती हातातलं काम ठेवून बाहेर जायची. नोंदणी लग्नाच्या दिवशी ती शेजारणीकडे पापड लाटायला गेली. विमानतळावर वडील एकटे आले आणि पूर्ण वेळ सामानाच्या वजनाविषयी बोलले.

म्हणून त्या जानेवारीतल्या संध्याकाळी काय झालं ते नीलांबरीला माहीत होतं आणि आणखी कुणालाही नव्हतं. फ्रांकफुर्टहून येताना आगगाडीत युर्गन म्हणाला होता, मी बारा वर्षांचा असताना आई गेली, फार सुंदर होती, टांटे हेडविगने मला वाढवलं. टांटे हेडविग, त्याची आत्या, गावातल्या घराच्या दारात उभी होती. तिने नीलांबरीचे दोन्ही हात दाबले, जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक बोलली आणि चहा टाकायला आत गेली. युर्गन बॅगा घेऊन वर गेला. खोलीत नीलांबरी एकटी राहिली. नवरी यायची म्हणून आत्येने त्या दिवशी चित्राची काच पुसायला काढून ठेवली होती, ती सोफ्यावर वर्तमानपत्रात पडली होती, आणि चित्र उघडंच भिंतीला होतं. चौकटीवर सुकलेल्या फुलांचं कडं आणि काळी फीत. तरुण, सुंदर बाई, डोळे मिटत आलेले, वर वाळलेला हार. यात विचारण्यासारखं काय होतं? तिच्या घरच्या प्रत्येक भिंतीवर अशी माणसं होती आणि कोण गेलं आहे हे हारावरून समजत होतं. कुठल्याही मराठी बाईने तेच केलं असतं. ओव्हरकोटाची बाही मागे सारून तिने पर्समधला करंडा काढला आणि सासूच्या कपाळाला कुंकू लावलं. बोटाखाली कागद खरखरीत लागला, खडूची किंचित पूड बोटाला आली. मग तिने वाकून जमिनीला हात लावला आणि मनात म्हणाली, आई, आले मी. मला सांभाळून घ्या. तिने हे अशा तऱ्हेने म्हटलं की तसं त्याआधी तिने देवाला कधी काही म्हटलं नव्हतं आणि नंतरही म्हटलं नाही. जी आई बोलत नव्हती तिच्यासाठी साठलेलं सगळं, शिल्लक होतं तेवढं, तिने जी बोलू शकणार नव्हती तिच्याजवळ ठेवलं. आणि उठताना तिला खरोखर वाटलं की पलीकडून 'हो' आलं. मग जिन्यावरून युर्गन खाली आला, त्याने कपाळ पाहिलं, तिचं बोट पाहिलं, आणि तो आधी हसला. मग त्याने तिला मिठीत घेतलं, पण क्रम तो होता. ही आई नाही गं, तो म्हणाला, ही कवितेतली आहे, कडंही तिच्यासाठीच. टांटे हेडविगला त्याने भाषांतर करून सांगितलं, ती चहाची किटली खाली ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नीलांबरीही हसली. त्या हसण्यात आपण होतो ही रक्कम तिने तेव्हापासून स्वतःच्याच नावे टाकून ठेवली होती. खऱ्या आईचा फोटो तिला पुढे कधीतरी अल्बममध्ये सापडला: कोंबड्यांना दाणे टाकणारी एक जाड, साधी बाई, वाऱ्याने स्कर्ट पायांना चिकटलेला. सुंदर नव्हती. कुंकवाचा डाग मात्र कागदात मुरला. एका तज्ज्ञाने सांगितलं, पुसायला गेलात तर खडूही निघून येईल. मग तो तसाच काचेखाली गेला, आणि आता फ्राऊ वायगांडच्या माहितीपत्रकात त्याचं नाव दोन संस्कृतींच्या भेटीची खूण असं होतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला युर्गन छोटा ब्रोटशन पाव कापत होता. 'तू मला विचारलं नाहीस,' ती म्हणाली.

'काल विचारलं की. सगळ्यांसमोर.'

'त्याला सांगणं म्हणतात.'

'नीला, ही आपली गोष्ट आहे.'

'तुझी आहे. मी त्यात फक्त वाकते.'

त्याने सुरी खाली ठेवली. 'वा,' तो म्हणाला. 'मी त्यात फक्त वाकते. सुंदर वाक्य आहे.' आणि ते वाक्य तो कुठेतरी आत ठेवून देतो आहे हे तिला दिसलं, जसा एखादा माणूस हॉटेलातली साबणाची वडी खिशात टाकतो. त्याचं काही लागतच नसे. त्याला टोचलेली सुई तो उजेडात धरून बघायचा, किती छान घडवली आहे म्हणून.

'मी करणार नाही.'

'का?'

का ते सांगायचं तर चित्राला मनात म्हटलेलं ते वाक्य सांगावं लागलं असतं. मग तेही गोष्टीत गेलं असतं, पायांच्या हशानंतर, एका छोट्या थांब्यानंतर, आणि बायकांनी माळा धरल्या असत्या. एवढी एकच गोष्ट तिच्याजवळ उरली होती की जी त्याला पाठ नव्हती. 'माझे गुडघे,' ती म्हणाली.

'गूट, ठीक आहे,' युर्गन म्हणाला, रागावला नाही, कारण रागावणं त्याला अडाणीपणाचं वाटे. 'आल्झो, मग ईप्सिता करेल. तिची मानही तशीच आहे, तू पाहिलंस का?' आणि त्याने लोणी लावायला घेतलं. म्हणजे ताळा पुन्हा जुळला होता. नीलांबरीने त्याच्याकडे पाहिलं: चष्म्याची दोरी, कानाच्या पाळीवर राहून गेलेला साबणाचा फेस, मऊ, स्वच्छ, कुणाचंही वाईट न चिंतणारा चेहरा. वाईट चिंतणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

संध्याकाळी तिने मैथिलीला फोन केला. मुलगी न्युरेम्बर्गला एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर होती. ती आईचं मराठी सगळं समजून घ्यायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची, लहानपणापासून, त्यामुळे त्यांचं बोलणं म्हणजे दोन खिडक्यांतून दोन बायका बोलताहेत असं व्हायचं. 'दास इस्ट दोख झ्यूस, मामा,' मैथिली म्हणाली. गोडच आहे की. करून टाक, पापाला बरं वाटेल. नीलांबरी म्हणाली, तुला कधी वाटलं का गं, मी तेव्हा काय विचार करत असेन? पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. 'वान?' मुलीने विचारलं. केव्हा?

पुढच्या आठवड्यात ईप्सिताचा फोन आला. 'काकू, रागवू नका हं, पण तुमची ती हिरवी नऊवारी मिळेल का? काकांनी सांगितलं, होती म्हणून.'

'ती नव्हतीच.'

'म्हणजे हरवली?'

'म्हणजे नव्हती. पाचवारी होती, आणि वरून कोट.'

'अय्या. पण मग काका...' ईप्सिता जरा घुटमळली. 'बरं, काही हरकत नाही, ब्योब्लिंगेनला माझी एक मावसबहीण आहे, तिच्याकडे लावणीच्या कार्यक्रमातली आहे. ती मागवते. नथसुद्धा आहे तिच्याकडे.'

'असणारच,' नीलांबरी म्हणाली.

हस्तांतराच्या शनिवारी संग्रहालयात पंचवीस-तीस माणसं जमली. बहुतेक जण गावचे निवृत्त होते, शनिवारी सकाळी दुसरं काही नसणारे. गाडी नीलांबरीनेच चालवत आणली होती, युर्गनचे डोळे अलीकडे धड नव्हते. मेख्टिल्ड एका टेकूवर ठेवली होती, वरून दिवा सोडलेला. दिव्याखाली तो डाग कुंकवाचा वाटतच नव्हता, तांबूस-तपकिरी, जणू कागदालाच काहीतरी झालं होतं. फ्राऊ वायगांडनी भाषण केलं. युर्गनने गोष्ट सांगितली, थांब्यांसकट. मग एक अडचण निघाली. विम्याच्या नियमाप्रमाणे मूळ चित्राच्या एक मीटरच्या आत रंगाची पूड नेता येत नव्हती. यावर कुणी गडबडलं नाही. फ्राऊ वायगांडनी आधीच चित्राची रंगीत फोटोकॉपी काढून तशाच चौकटीत बसवून ठेवली होती, आणि कॉपीतला डाग संगणकावर पुसला होता, म्हणजे नवा नीट दिसेल. ध्रुवने मूळ चित्र बाजूला सरकवायला मदत केली आणि मग खाण्याच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिला. ईप्सिता आली. लावणीची नऊवारी, नथ, अंबाडा. ती सुंदर दिसत होती हे नीलांबरीने नमूद केलं, त्यात लबाडी केली नाही. पोरीने करंडा उघडला, कॅमेऱ्याकडे तिरपं हसत फोटोकॉपीला कुंकू लावलं, वाकली. 'नोख आइनमाल, बिटे,' फोटोग्राफर म्हणाला, पुन्हा एकदा, आणि ती पुन्हा वाकली. तिसऱ्या वेळी त्याने हनुवटी वर ठेवायला सांगितली. वाकताना हनुवटी वर ठेवून वाकता येतं हे नीलांबरीला नव्याने कळलं. युर्गनचे डोळे ओले झाले होते. तिला वाटलं होतं, आपल्यावाचून हे अडेल. निदान थोडं कमी पडेल, कुणाच्या तरी लक्षात येईल की काहीतरी आत नाही. काही कमी पडलं नाही. उलट नथ होती.

मग फ्राऊ वायगांड कागद अडकवलेली पाटी हातात घेऊन तिच्याकडे आल्या. माणसं मागोमाग गोळा झाली. 'फ्राऊ नीला, चित्राखालच्या मजकुरासाठी एकच गोष्ट राहिली आहे. त्या क्षणी तुम्ही तिला काहीतरी म्हणाला असाल ना? मनात? तुमचे स्वतःचे शब्द आम्हाला हवे आहेत.' त्यांनी पेन उघडलं. चेहऱ्यावर खरी उत्सुकता होती, आणि त्यामुळे ते अधिकच वाईट होतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. युर्गननेही नाही, त्याला गोष्टीत तिथे हशा हवा होता. आता विचारला होता आणि पुढ्यात पाटी होती. ईप्सिता नथ सावरत जवळ आली. 'सांगा ना काकू.' नीलांबरीला जाणवलं की ते वाक्य खरंच जिभेपाशी आलं आहे. इतकी वर्षं कुणी विचारायची वाट बघत असलेल्या कुत्र्यासारखं ते दाराशी उठून उभं राहिलं होतं. आई, आले मी. दोन ओळींत मावलं असतं. खाली जर्मन भाषांतर, बाजूला इंग्रजी. शाळेच्या सहलीतल्या पोरांनी ते च्युइंगगम चघळत वाचलं असतं.

'म्हटलं,' नीलांबरी स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, 'बाई गं, नदीत उडी मारायच्या आधी बातमी खरी आहे का, तेवढी चौकशी करायची होतीस.'

यावर जो हशा झाला तो पायांच्या हशाहून मोठा होता. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसू लागले. फ्राऊ वायगांडनी भराभर लिहून घेतलं, म्हणाल्या, किती भारतीय, किती शहाणपणाचं. ईप्सिता म्हणाली, काकू तुम्ही रॉक करता. युर्गन सगळ्यांत जास्त हसला आणि अभिमानाने आजूबाजूला बघत राहिला. नीलांबरी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत गेली. आताच, याच खोलीत, यांनी गोष्ट ऐकली होती. चित्रातली बाई तिला सासू वाटली होती, त्या दिवशी मेख्टिल्डचं नावही तिला माहीत नव्हतं, उडी नाही, नदी नाही, बातमी नाही. सगळी गंमत तेवढ्यावरच उभी होती. एकाच्याही लक्षात आलं नाही. इतक्या सहज? तिला वाटलं होतं निदान थोडी लबाडी करावी लागेल. अख्खी खेप नापास झाली होती, आणि सही करताना तिला जे समाधान व्हायला हवं होतं ते होत नव्हतं. तिने एक सँडविच घेतलं. ध्रुवने तिच्यासाठी बाजूला सरून जागा केली. 'चीजवालं घ्या काकू,' तो म्हणाला, 'दुसऱ्यात काकडीच आहे.' त्या दिवशीचं हे एकच बोलणं होतं की ज्यात तिला काही खोट काढता आली नाही.

परत येताना मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत युर्गन बोलत होता. कोण काय म्हणालं, फोटो कुठल्या पानावर येईल, भिंतीवरच्या मोकळ्या जागी आता काय लावायचं. मग त्याने मान मागे टेकली. तिला वाटलं झोपला. सफरचंदांच्या बागा मागे गेल्या, एक ट्रॅक्टर पुढे आला, ती त्याच्यामागे सावकाश चालवत राहिली.

'नीला,' तो म्हणाला, 'पण तेव्हा तुला मेख्टिल्ड कोण हे माहीत नव्हतं.'

'नव्हतं.'

'ती कथा मी तुला नंतर वाचून दाखवली. त्या हिवाळ्यात.'

'हो.'

ट्रॅक्टर एका शेतात वळला. समोर रस्ता रिकामा होता, तरी तिने वेग वाढवला नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला नाही, हातातच ठेवला, आणि चष्म्यावाचून तिच्याकडे वळला, म्हणजे त्याला आत्ता ती नुसती धूसर दिसत असणार, मान कुठे आणि खांदा कुठे तेही न कळण्याइतकी.

'मग काय म्हणाली होतीस?' त्याने विचारलं. आवाजात थांबा नव्हता. त्याचं मराठी पहिल्यांदाच किंचित अडखळलं. 'त्या दिवशी. काय म्हणालीस तू?'

ऐकायला आणखी कुणी नव्हतं. त्याच्या हातात पेन नव्हतं. तिने हे दोन्ही तपासून पाहिलं, सवयीने, आणि तरीही जे आत होतं ते तिथून हललं नाही.

'ते मी तुझ्या आईला सांगितलं होतं,' नीलांबरी म्हणाली. 'तुला नाही.'